हा आकडा कितीच्या गोळीनंतरचा?

लेखमाला : कंपवाताशी ओळख – लेखांक ५

मेंदूतल्या सबस्टॅन्शिया नायग्रा या भागातल्या पेशी कमी होत जातात, डोपामिन आटते आणि हालचाली मंदावतात, इथवर आपण मागच्या आठवड्यात आलो. मग डोपामिन रक्तात मोजता येत नाही का? मोजून उपयोग नाही. हालचाली किती बिघडल्या हे सांगणारी रक्ततपासणी नाही, आणि एमआरआय करतात तो बहुतेक वेळा दुसरा आजार नाही ना याची खात्री करायला. म्हणून डॉक्टर बोटे हलवायला सांगतात, उठायला-चालायला लावतात. बाहेर आल्यावर घरचे म्हणतात, “काही तपासलंच नाही, नुसतं बघितलं.” पण ते बघणे हीच तपासणी असते. लंडनच्या जेम्स पार्किन्सन यांनी 1817 साली या आजाराचे पहिले सविस्तर वर्णन लिहिले ते सहा जणांवरून, आणि त्यातल्या काहींना त्यांनी फक्त रस्त्यात पाहिले होते.

अर्थात, दोन डॉक्टरांनी एकाच रुग्णाला पाहून दोन वेगळी मते देऊ नयेत म्हणून या बघण्याला शिस्त लावावी लागली. आज सर्वत्र वापरली जाते ती एमडीएस-यूपीडीआरएस ही मोजपट्टी. मूळची 1987 सालची, सुधारून 2008 मध्ये प्रसिद्ध झालेली. तिच्या चार भागांपैकी तिसरा भाग हालचालींचा. त्यात 18 बाबी आहेत. डावी-उजवी बाजू वेगळी धरून एकूण 33 ठिकाणी 0 ते 4 गुण देतात, म्हणजे जास्तीत जास्त 132. इथे गुण जितके जास्त तितका त्रास जास्त.

यातली सर्वांत बोलकी चाचणी बोटांची. तर्जनी अंगठ्यावर दहा वेळा आपटायची. होईल तितकी भरभर, आणि दर वेळी बोट पूर्ण उघडून. पाहणाऱ्याला वाटते, वेग बघत असतील. वेग बघतातच, पण वयाने, थकव्यानेही माणूस सावकाश होतो. कंपवाताची खूण अशी की हालचाल करता करता आकसत जाते. पहिल्यांदा बोटे चांगली फाकतात, मग अंतर कमी होत जाते, मध्येच अडखळतात. हे आकसणे दहाव्या वेळेच्या आसपास दिसले तर 1 गुण, मध्यावर दिसले तर 2, पहिल्या ठोक्यानंतर लगेच सुरू झाले तर 3. ओळीच्या शेवटी अक्षर बारीक होत जाते, त्यामागेही हाच दोष.

काही लक्षणे लक्ष दिले की लपतात, म्हणून डॉक्टर लक्ष दुसरीकडे वळवतात. मनगट सैल सोडायला सांगून ते फिरवतात तेव्हा ताठरपणा जाणवला नाही, तर दुसऱ्या हाताची मूठ उघडमीट करायला लावतात. की पहिल्या हातातला अडसर डॉक्टरांच्या बोटांना लागतो. हात मांडीवर ठेवून शंभरातून सात-सात वजा करत जायला सांगितले की दबलेला कंप वर येतो. गणित बरोबर आले की चुकले, याच्याशी तेव्हा कोणालाच देणेघेणे नसते. कंपाची मोजणी मात्र काटेकोर: हेलकावा 1 सेंटिमीटरच्या आत, 3 पर्यंत, 10 पर्यंत की त्याहून मोठा.

तोल पाहताना डॉक्टर पाठीमागे उभे राहून दोन्ही खांदे झटकन मागे ओढतात. एक-दोन पावलांत माणूस सावरला तर ठीक. सावरताच आले नाही आणि डॉक्टरांनी धरले नसते तर पडला असता, तर 3 गुण. होएन आणि यार यांनी 1967 साली आजाराचे पाच टप्पे पाडले; त्यातला दुसरा टप्पा संपून तिसरा लागला का, हे मुख्यतः या तोलावरून ठरते. ही चाचणी घरी कोणी करून पाहू नये. मागे पडून माकडहाड मोडायचे.

या पट्टीचा एक नियम मात्र आपल्या घरांत नीट समजून घ्यायला हवा: जे दिसेल त्याला गुण द्यायचे, कारण शोधत बसायचे नाही. हात छातीशी बांधून खुर्चीतून उठायला सांगितले आणि गुडघेदुखीमुळे आजी हातांचा रेटा देऊन उठल्या, तरी 2 गुण लागतात. ते गुण कंपवाताचे नसतील, संधिवाताचे असतील. म्हणून शेजारच्या काकांचा आकडा आणि आपल्या आजीचा आकडा यांची तुलना व्यर्थ. आकडा ताडून पाहायचा तो त्याच माणसाच्या आधीच्या आकड्याशी.

आणि तोही घड्याळ बघून. लेव्होडोपा हे कंपवाताचे मुख्य औषध घेणाऱ्याचा दिवस एकसारखा नसतो. गोळी लागू पडलेली असते तो काळ ‘ऑन’, असर उतरलेला असतो तो ‘ऑफ’. समजा, सकाळी आठला, गोळीच्या आधी, एखाद्याचे 42 गुण झाले आणि दहा वाजता 24. यातला खरा आकडा कोणता? दोन्ही खरे. पण मागच्या वेळी दहाला तपासले आणि या वेळी आठला, तर आजार बळावला असे वाटून डोस उगाच वाढेल. म्हणूनच या तपासणीच्या कागदावर सुरुवातीलाच विचारतात: औषध चालू आहे का, रुग्ण आत्ता ऑन की ऑफ, शेवटची लेव्होडोपा घेऊन किती मिनिटे झाली? डीबीएस, म्हणजे मेंदूत विद्युत-तारा बसवण्याच्या शस्त्रक्रियेचा विचार असेल तेव्हा तर हा फरकच मोजायचा असतो. रात्रभर, साधारण बारा तास, औषध थांबवून एकदा तपासतात आणि गोळी दिल्यावर पुन्हा. हे डॉक्टरांच्या देखरेखीत. लेव्होडोपा मनाने एकाएकी बंद केली तर ताप, कमालीचा ताठरपणा अशी गंभीर अवस्था ओढवू शकते.

इतके करूनही दवाखान्यात दिसते ती एक घटका. कित्येकांचे पाऊल घरी न्हाणीघराच्या दारात जमिनीला चिकटते, आणि डॉक्टरांसमोर मात्र ते तरातरा चालतात. कोणी बघत असले की माणूस नेटाने पावले टाकतो. उरलेला दिवस कोणी पाहिलेला असतो? सांभाळणाऱ्याने. पुण्याच्या पार्किन्सन्स मित्रमंडळात ज्यांना शुभंकर म्हणतात, त्यांनी. अंगावर लावायची, हालचाल टिपणारी उपकरणे आता आली आहेत, पण साध्या वहीनेही बरेच काम होते.

पुढच्या भेटीच्या आधी दोन-तीन दिवस अर्ध्या-अर्ध्या तासाचे रकाने आखा. प्रत्येकात एकच शब्द: झोप, ऑफ, ऑन, किंवा अंग नको तितके वळवळत असेल तर तसे. गोळीची आणि जेवणाची वेळ लाल शाईने लिहा. पाय अडकतो त्या जागेचा मोबाइलवर चित्रफीत-तुकडा घ्या. चेहरा नसला तरी चालेल, पावले दिसायला हवीत, आणि वेळ सांगता यायला हवी. कुठे पडले असतील तर कसे पडले तेही लिहा. आणि डॉक्टरांनी “आकडा वाढलाय” म्हटले, तर घाबरण्याआधी विचारा, मागच्या वेळी तपासले तेव्हा गोळी घेऊन किती वेळ झाला होता?

वहीत जेवणाची वेळ कशाला, असे वाटले असेल. वरण, पनीर, अंडी यांतल्या प्रथिनांचा आणि लेव्होडोपाचा आतड्यात एकाच वाटेवर सामना होतो. तो पुढच्या आठवड्यात.