रात्रीही घर का तापते? एसी घेण्याआधी छताकडे पाहा

उन्हाळ्यात मालेगावचा पारा चाळीसच्या वर जातो. भिवंडी-मुंब्र्यात तो एवढा चढत नाही, पण दमट हवेने जीव नकोसा होतो. तक्रार मात्र दोन्हीकडे एकच. सूर्य मावळतो, बाहेर वारा सुटतो, तरी वरच्या मजल्यावरच्या घरात झोप लागत नाही. पंखा पाचवर असतो आणि गरम हवाच अंगावर फेकतो. मग आपण म्हणतो, "आता एसीच घेऊन टाकू!" एसीला आमचा विरोध नाही. पण घर तापते कुठून हे आधी समजून घेतले, तर पैसेही वाचतील आणि झोपही लागेल.

आपल्याला उकडते ते फक्त गरम हवेमुळे नाही. छत आणि भिंती तापलेल्या असतील तर त्यांची धग थेट अंगाला लागते. तव्याला हात न लावताही त्याची आच जाणवते ना, तसेच हे. सिमेंटचा स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री ती उष्णता हळूहळू खाली सोडतो. पत्र्याचे उलट आहे. तो रात्री लवकर निवतो, पण दुपारी त्याखाली भट्टी होते. त्या वेळी घरात कोण असते? म्हातारी माणसे, लहान मुले आणि घरीच शिलाईकाम करणाऱ्या आपल्या आया-बहिणी.

हा प्रश्न फक्त गैरसोयीचा नाही. मे २०१० मध्ये अहमदाबादचा पारा ४६.८ अंशांवर गेला. त्या महिन्यात शहरात नेहमीपेक्षा सुमारे १,३०० मृत्यू जास्त झाले, असा अंदाज अभ्यासकांनी नंतर मांडला. २०१३ मध्ये त्या शहराने उष्णतेचा मुकाबला करण्यासाठी आराखडा केला. पुढे गरीब वस्त्यांतल्या छतांना पांढरा थर देण्याचे कामही सुरू झाले. तेलंगणाने तर २०२३ मध्ये अशा थंड छतांचे स्वतंत्र धोरणच आणले.

यामागचे कारण साधे आहे. पांढरा रंग ऊन परतवतो, काळपट छत ते शोषून घेते. चांगला पांढरा थर दिला तर घरातले तापमान साधारण २ ते ५ अंशांनी उतरू शकते. चुना सर्वांत स्वस्त, पण पावसात धुऊन जातो. म्हणून तो दरवर्षी उन्हाळ्याच्या तोंडावर लावावा लागतो. उन्हासाठीचा खास रंग किंवा पांढऱ्या फुटक्या टाइल्सची गच्ची महाग पडते, पण टिकते. फक्त धूळ साचू देऊ नका, मळलेले छत पुन्हा तापते. आणि गच्ची गळत असेल तर आधी गळती बंद करा.

छतानंतर खिडकी. पश्चिमेचे ऊन काचेतून आत आले की खोली संध्याकाळपर्यंत तापते. आतला पडदा उजेड अडवतो, पण उष्णता तोवर आत आलेली असते. म्हणून बाहेरून छज्जा, बांबूची चिक किंवा ताडपत्री लावलेली बरी. वारा खेळायला समोरासमोर दोन वाटा हव्यात, एक आत येण्याची आणि एक बाहेर जाण्याची.

नवे घर घेताना किंवा रिडेव्हलपमेंटच्या बैठकीत एक हिशेब बिल्डरला जरूर विचारा. केंद्राच्या २०१८ च्या इको निवास संहितेनुसार मुंबईसारख्या दमट हवेत खिडक्या-झरोक्यांचा उघडणारा भाग कार्पेट एरियाच्या किमान १६.६६ टक्के हवा. म्हणजे ३०० चौरस फुटांच्या घराला सुमारे ५० चौरस फूट. सरकती खिडकी साधारण अर्धीच उघडते, हे मोजताना विसरू नका.

एवढे करूनही एसी लागलाच, तर तो २४ अंशांवर ठेवा. एक अंश वाढवला की सुमारे ६ टक्के वीज वाचते. छत थंड असेल तर २४ अंशांतही पुरेसा गारवा वाटतो. आणि वीज गेली तरी ते घर लगेच तापत नाही. भारनियमनाच्या रात्री हाच फायदा सर्वांत मोठा.

भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना हे एकट्याने जमणार नाही. म्हणून इमारतीतल्या सर्वांनी मिळून मालकाशी बोलावे, वर्गणी काढून गच्चीला चुना लावावा. एका रविवारचे काम आहे, उन्हाळा चढण्याआधी उरकून घ्या.