गोळ्या हातात, खुराक कागदावर

सकाळचे साडेदहा. शांतीनगर या कामगार वस्तीच्या गल्लीत यंत्रमागांची खडखड चालूच आहे. रात्रपाळी करून आलेले काही कामगार झोपायचं सोडून दवाखान्याच्या ओट्यावर बसलेत. भुवयांत कापसाचे तंतू अडकलेले. वर पत्रा तापतोय. रांग पुढे सरकत नाही.

कुणाला उबळ आली की तो रुमालात तोंड खुपसतो. शेजारचा जरा सरकून बसतो. बहुतेकांच्या हातात उपचाराचं कार्ड, आधारची घड्या पडलेली झेरॉक्स आणि पासबुक.

आत वजनकाटा. चाळिशीतला एक कामगार चपला काढून चढतो. त्रेचाळीस किलो. या वजनाला रोज तीन गोळ्या, एकेका गोळीत चार औषधं. गोळ्यांची पाकिटं फुकट मिळतात. तो ती पिशवीत टाकतो, पण हलत नाही.

"सिस्टर, वो पैसा?"

सिस्टर संगणकात त्याचा नंबर टाकतात. क्षयरुग्णाला नीट खाता यावं म्हणून एप्रिल २०१८ पासून निक्षय पोषण योजना आहे. महिन्याला ५०० रुपये मिळायचे, नोव्हेंबर २०२४ पासून १,००० झाले. तीन-तीन हजारांचे दोन हप्ते. पहिला निदान होताच, आगाऊ. याच्या उपचाराचा दुसरा महिना सरत आलाय. पहिला हप्ता अजून अडकलेलाच.

"खातं गावाकडचं आहे का? आधार जोडलंय?"

तो पासबुक उघडून पुढे धरतो. सगळं जोडलेलं आहे.

"वरून आले की जमा होतील, भाऊ." हेच त्या सकाळपासून प्रत्येकाला सांगतायत. त्यांच्या हातात तरी दुसरं काय आहे?

बाहेर पडून तो बिसीकडे, म्हणजे कामगारांच्या खानावळीकडे वळतो. भात, पातळ डाळ, दोन चपात्या. अंड्याचे पैसे वेगळे, म्हणून अंडं नाही. आधीचीच उधारी थकलीय. रिकाम्या पोटी गोळ्या घेतल्या की मळमळतं, मळमळलं की पाळी बुडते, आणि मजुरी तर विणलेल्या कापडाच्या मीटरवर.

राहायची खोली एकच, झोपणारे अनेक, पाळीपाळीने. एकाला क्षय म्हणजे सगळ्यांना धोका. झारखंडातल्या एका अभ्यासात रुग्णांच्या घरच्यांना काही महिने जादा शिधा दिला, तेव्हा त्यांच्यातलं फुप्फुसाच्या क्षयाचं प्रमाण जवळपास निम्म्यावर आलं. हा अभ्यास २०२३ मध्येच प्रसिद्ध झालाय. म्हणजे हे तीन हजार त्याच्या एकट्याचे नाहीत, त्या खोलीतल्या सगळ्यांचे आहेत.

आगाऊ म्हटलेला हप्ता निदानाच्या आठवड्यातच खात्यात पडला पाहिजे. ते जमत नसेल, तर गोळ्यांच्या पाकिटाबरोबर त्याच टेबलावरून डाळ, शेंगदाणे आणि अंडी द्या.