मणिबंधातील मुंग्या आणि हृदयाची विचारपूस

सोयगाव तालुक्यातील कापूस वेचणाऱ्या हातांच्या मुंग्या आपल्याला नवीन नाहीत. बोंडातून कापूस ओढताना मनगट दिवसभर वाकते. रात्री हात बधिर होऊन जाग येते, झटकला की बरे वाटते. अंगठा, तर्जनी, मध्यमा व अर्धी अनामिका बधिर आणि करंगळी शाबूत असेल, तर कार्पल टनेल सिंड्रोमचे निदान बहुधा चुकत नाही. मणिबंधातील अरुंद वाटेत मीडियन नर्व्ह दाबली जाते. सुश्रुताचार्यांनी मणिबंध हे रुजाकर मर्म मानले, ते सार्थच आहे.

‘कष्टाचा हात’ म्हणून स्नेहन, स्वेदन व गुग्गुळकल्प देणे पुष्कळदा योग्य ठरते. परंतु साठीपुढील पुरुष, मधुमेह नाही, थायरॉइडचा विकार नाही, हाताने करण्याचे जड काम सुटून वर्षे लोटली, तरीही दोन्ही हात बधिर, अशा वेळी निदान मनगटाशीच थांबवू नये.

यकृतात तयार होणारे ट्रान्सथायरेटिन हे प्रथिन उतारवयात, काही कुटुंबांत आनुवंशिक दोषामुळे त्याआधीही, विघटित होऊन तंतुरूपाने साचू लागते. यालाच अमायलॉइड म्हणतात. ते मनगटातील स्नायुबंधांच्या आवरणात आधी साचते आणि हृदयाच्या भिंतीतील संचयाची लक्षणे बहुधा 5 ते 10 वर्षांनी उमटतात. अमेरिकेतील क्लीव्हलँड येथे मनगटाची शस्त्रक्रिया झालेल्या 98 रुग्णांच्या ऊती तपासल्या, तेव्हा 10 जणांत अमायलॉइड आढळले. त्यांपैकी 2 जणांच्या हृदयातही ते होते. हा अभ्यास 2018 साली प्रसिद्ध झाला. रुग्ण निवडक वयाचे व शस्त्रक्रियेपर्यंत पोहोचलेले होते, म्हणून हे प्रमाण आपल्या बाह्यरुग्ण विभागाला जसेच्या तसे लावता येणार नाही. मात्र त्यातील इशारा लागू पडतो.

मधुमेह व स्थौल्य ही तर दोहोंची सामाईक मुळे. हातापायांची सुप्तता चरकाचार्यांनी प्रमेहाच्या पूर्वरूपांतच सांगितली आहे. तेव्हा रक्तशर्करा व रक्तदाब पाहिल्यावाचून बधिर हातावर केवळ तेल देऊ नये.

वर सांगितलेल्या वृद्ध रुग्णाला मात्र आणखी विचारावे. चढावर दम लागतो का? सायंकाळी पायांवर सूज येते का? वर्षानुवर्षांचा रक्तदाब औषध कमी करूनही खालीच राहू लागला का? दंडाचा स्नायुबंध आपोआप तुटल्याचा इतिहासही महत्त्वाचा. होकार मिळाल्यास जळगाव वा छत्रपती संभाजीनगरला हृदयरोगतज्ज्ञांकडे पाठवावे, आणि चिठ्ठीत दोन्ही हातांच्या बधिरतेचा उल्लेख आवर्जून करावा, कारण रुग्ण तो तेथे सांगत नाही. इकोमध्ये भिंत जाड पण ईसीजीतील लहरी लहान, ही विसंगती संशय वाढवते. टॅफामिडिस या औषधाला अमेरिकेत 2019 मध्ये या हृद्रोगासाठी मान्यता मिळाली. ते साचलेले काढत नाही, पुढची वाढ मंदावते. म्हणून ही आधीची वर्षे मोलाची.

औषधालयचालकांनीही लक्ष ठेवावे. मुंग्यांसाठी वेदनाशामक गोळ्यांची पाकिटे महिनोन्महिने नेणाऱ्या ग्राहकाच्या पायांकडे एकदा पाहावे. या गोळ्यांमुळे शरीरात मीठ व पाणी साठते, दुर्बल हृदयावरील भार वाढतो. दीर्घकाळ अधिक मात्रेत घेतलेली यष्टिमधुही असेच करते, शिवाय पोटॅशियम घटवते. सूज दिसली तर पुढचे पाकीट न देता त्यास वैद्यांकडे पाठवावे.