चुकण्याची शिकवणी

गेल्या श्रावणातली गोष्ट. हिंजवडीला भाचीच्या घरी मुक्कामाला गेलो होतो. रविवारी पहाटे सहाला पाणी प्यायला उठलो, तो काय पाहतो! आमचे जावईबापू इस्त्रीचा सदरा घालून टेबलाशी ताठ बसलेले आणि समोरच्या संगणकाला कमरेत वाकून नमस्कार करताहेत. टेबलाखाली मात्र पट्ट्यापट्ट्यांचा पायजमा!

"मामा, घाबरू नका," भाची हळूच म्हणाली. "यांची जपानीची शिकवणी चाललीय. बाई ओसाकाच्या आहेत. तिकडे साडेनऊ वाजलेत."

म्हातोबाच्या यात्रेला बगाड पाहायला लोटणारी गर्दी हिंजवडीला जुनीच. आता राजीव गांधी इन्फोटेक पार्कमुळे तेथे रोजच यात्रा भरते. कोणाचे गिऱ्हाईक टोकियोचे, तर कोणाचे म्युनिकचे. परकी भाषा शिकणे पुणेकरांना नवे नाही. रानडे इन्स्टिट्यूट आणि मॅक्सम्युलर भवन यांनी पिढ्यान्‌पिढ्या शिकवल्या. पण संध्याकाळी हिंजवडीहून फर्ग्युसन रस्ता गाठायचा म्हणजे वर्ग सुटायच्या वेळी पोचायचे! म्हणून आता गुरूच तारेवरून घरी येतो.

घरगुती शिकवणीची ही तऱ्हा तशी जुनीच. कंपनी सरकारचे साहेब आपल्या भाषा शिकायला पंडित आणि मुनशी पदरी ठेवीत. कलकत्त्याच्या फोर्ट विल्यम कॉलेजात मराठी शिकवणाऱ्या विल्यम केरीने १८०५ साली मराठीचे व्याकरण छापले, ते वैजनाथ पंडितांच्या मदतीने. तेव्हा साहेब शिष्य होता. आता आपण शिष्य आहोत, एवढाच फरक.

"पण जावईबापू, तुम्ही तर जपानीची परीक्षा पास झाला होतात ना?" चहा घेताना मी विचारले.

ते हसले. "झालो ना मामा! पण त्या परीक्षेत बोलावे लागतच नाही."

गोष्ट खरी आहे. पुण्यात जुलैत आणि डिसेंबरात होणाऱ्या जपानी भाषेच्या परीक्षेच्या एन-५ पासून एन-१ पर्यंत पाच पायऱ्या आहेत. शब्द, व्याकरण, वाचन आणि श्रवण एवढे तपासतात. तोंडी परीक्षा नाही. जावईबापू एन-३ झाले, प्रमाणपत्र चौकटीत बसले, पण जीभ काही हलेना. त्यातच कचेरीत एक फजिती झाली. यांच्या प्रत्येक सूचनेवर पलीकडचे जपानी गृहस्थ "हाइ, हाइ" म्हणत होते. 'हाइ' म्हणजे 'हो', हे पुस्तकात शिकलेले. यांनी तो होकार धरला आणि पंधरा दिवस खपून काम केले. ते सगळे फुकट गेले!

ओसाकाच्या बाईंनी उलगडा केला. बोलण्याच्या ओघातले 'हाइ' पुष्कळदा नुसते 'ऐकतोय' एवढेच सांगते, आपल्या हुंकारासारखे. आणि 'विचार करून कळवतो' असे मोघम उत्तर आले, तर बहुधा नकार समजावा. मुलीच्या बापाला 'कळवतो' म्हणून निरोप देणारी मंडळी आपल्याकडे काय कमी होती?

शिकणाऱ्याला धीर येईल अशी एक गोष्ट सांगतो. जपानी वाक्याची ठेवण मराठीच्या फार जवळची. 'मी भात खातो' याला जपानीत 'वाताशी वा गोहान ओ ताबेमासु' म्हणतात. आधी मी, मग भात, शेवटी खाणे, अगदी आपल्यासारखे! जर्मन शिकणाऱ्यांनीही भिऊ नये. त्या भाषेत तीन लिंगे आहेत म्हणून इंग्रज कुरकुरतो, पण आपल्याकडेही तो, ती, ते आहेतच. जर्मनीत मुलगी नपुंसकलिंगी, हे ऐकून हसू येते. मग आपण 'ते पोर' म्हणतो, त्याचे काय?

संध्याकाळी साडेसातला त्याच टेबलाशी भाची बसली. आता तीच गुरू! पडद्यावर म्युनिकचा नऊ वर्षांचा मुलगा आला. तिकडे दुपारचे चार वाजले होते. आई-वडील मराठी, आजी साताऱ्याला. मग घरच्यांनीच का शिकवले नाही, असा प्रश्न मला पडला.

भाचीने सांगितले, "दोन वर्षांपूर्वी हा फोनवर म्हणाला, 'आजी, तू कसा आहेस?' सगळे खो खो हसले. प्रेमानेच हो! पण त्या दिवसापासून त्याने मराठी सोडली. आजीला जर्मन येत नाही, इंग्रजीही बेताचेच. नातवाचा फोन आला की दोघे नुसते एकमेकांकडे बघत बसायचे."

मी कान देऊन तास ऐकला. मुलगा म्हणाला, "काल मी भाजी खाल्लो." भाची हसली नाही आणि रागावलीही नाही. "अस्सं? तू भाजी खाल्लीस? मी पण भाजी खाल्ली. कुठली रे?" मुलाने पुढच्या वाक्यात आपणहून 'खाल्ली' म्हटले.

तेव्हा मला कळले, की ही फी कशाची असते. व्याकरण पुस्तकात मिळते, शब्द कोशात मिळतात. वर्गात तीस जणांत आपली पाळी येते कधी, आणि आली तरी हसू होण्याची धास्ती. घरात तर प्रेमाचेच लोक हसतात! ज्याच्यापुढे निर्धास्त चुकावे असे एक माणूस, एवढेच या शिकवणीत आपण विकत घेतो.

म्हणून वाचकहो, शिक्षक निवडताना पदव्या जरूर पाहा, पण आधी एक तास घेऊन बघा. त्या तासात शिक्षकच बोलत राहिला, तर दुसरा शोधा. आठवड्यातून दोनदा थोडे थोडे बोलणे हे रविवारी एकदम तीन तास बसण्यापेक्षा बरे. आणि मुलाचा तास चालू असताना दाराआडून हसू नका!

तास संपताना भाचीने साताऱ्याला फोन जोडला. पडद्याच्या कोपऱ्यात आजी आल्या. मुलगा क्षणभर थांबला, मग म्हणाला, "आजी, तू जेवलीस का?"

साताऱ्यात जेवायला अजून अवकाश होता. पण आजी लगेच म्हणाल्या, "जेवले रे बाळा, पोटभर जेवले."