बेजबाबदार कोणाला म्हणायचं?



बोटीवर काही बिघडलं की आपण लगेच म्हणतो, "तो बेजबाबदार आहे." अर्थ शब्दातच आहे. जबाब देतो तो जबाबदार, जबाब टाळतो तो बेजबाबदार. चूक कोणाकडूनही होते. जबाब टाळायची सवय लागली की तो स्वभाव होतो.

इंदूरचा लालबाग राजवाडा होळकरांचा. तिथले महाराज तिसरे तुकोजीराव. त्यांचा दरबार सोडून मुंबईला आलेल्या मुमताज बेगमला पळवून न्यायला जानेवारी १९२५ मध्ये मलबार हिलवर माणसं आली. त्यात व्यापारी अब्दुल कादर बावला यांचा खून झाला. पकडलेले लोक इंदूरचे निघाले, काहींना फाशीची शिक्षा झाली. महाराजांचा हात कोर्टात कधी सिद्ध झाला नाही. इंग्रज सरकारने सांगितलं, चौकशीला सामोरे जा नाहीतर गादी सोडा. १९२६ मध्ये त्यांनी गादी सोडली. शिक्षा माणसांनी भोगली, जबाब तसाच राहिला.

आपल्याकडे राजवाडा नाही, पण बोट आहे. लाईफ जॅकेट फाटलेलं, वायरलेस बंद, खलाशाचा विमा संपलेला. मालक म्हणतो तांडेलाला विचारा, तांडेल म्हणतो मालकाला विचारा. उद्या खलाशी परत आला नाही, तर त्याच्या बायकोला जबाब कोण देणार?

म्हणून हंगामाआधी मालक आणि तांडेलाने एकत्र बसून ठरवा, कशाचा जबाब कोणाचा. मगच बोट सोडा.

– सचिव