आधी छातीशी, मग जीव जडतो

सव्वा किलोच्या बाळाची मांडी माझ्या अंगठ्याएवढी असते. कातडी इतकी पातळ, की खालच्या शिरा दिसतात. सरकारी रुग्णालयाच्या नवजात कक्षात मी वर्षानुवर्षं अशी बाळं सांभाळली. आधी मनात माया दाटते आणि मग माणूस कुणाला जवळ घेतो, असं आपण धरून चालतो. त्या कक्षात मला बहुतेकदा उलटंच दिसलं.

दिवस भरायच्या आत बाळंत झालेली आई पुष्कळदा बाळाकडे बघायचं टाळते. नातेवाईक तिला कठोर म्हणतात, आणि मला त्यांचा राग येतो. ती कठोर नसते, भ्यालेली असते. हे राहतंय की जातंय याचा भरवसा नाही, मग जीव लावायचा कसा? त्यात बाळ काचेच्या पेटीत, आणि ती दुसऱ्याच मजल्यावर, ओल्या टाक्यांनिशी.

अशा आईला आम्ही खाली आणून आरामात रेलून बसवायचो. बाळाच्या अंगावर फक्त लंगोट, टोपडं आणि पायमोजे. त्याला तिच्या उघड्या छातीवर उभं ठेवायचं, पाय बेडकासारखे दुमडलेले, मान एका कुशीला, नाक मोकळं. वरून मऊ सुती कापड घट्ट बांधायचं. पहिली काही मिनिटं आई श्वाससुद्धा जपून घेते. मग तिचा हात आपोआप बाळाच्या पाठीवर येतो. थोड्या वेळाने ती त्याच्याशी बोलायला लागते, आणि दुसऱ्या दिवशी आम्ही बोलवायच्या आत दारात उभी असते.

याला कांगारू पद्धत म्हणतात. कोलंबियातल्या बोगोटा शहरात 1978च्या सुमारास डॉ. एद्गार रेय यांनी ती सुरू केली. तिथे पेट्या अपुऱ्या होत्या, एकाच पेटीत एकाहून जास्त बाळं ठेवावी लागत, जंतुसंसर्गाने ती दगावत. म्हणून त्यांनी बाळं आयांच्या छातीशी दिली. कमी वजनाच्या बाळाच्या अंगात चरबी फारशी नसते, ते पटकन गार पडतं. आईच्या अंगाची ऊब त्याला धरून ठेवते, श्वास सावरतो, झोप लागते, आईला दूधही चांगलं येतं.

बाळ जरा स्थिर झाल्यावरच कांगारूला द्यायचं, असं आम्हाला शिकवलेलं. पुढे भारत, घाना, मलावी, नायजेरिया आणि टांझानिया या देशांत जागतिक आरोग्य संघटनेने एक मोठी चाचणी केली. भारतातलं केंद्र होतं दिल्लीचं सफदरजंग रुग्णालय. एक ते 1.8 किलोच्या आतली बाळं स्थिर होण्याची वाट न बघता जन्मल्याबरोबर छातीशी दिली, तर पहिल्या 28 दिवसांतले मृत्यू 25 टक्क्यांनी घटले. निष्कर्ष 2021 साली प्रसिद्ध झाले. ते वाचून मी रडले. पेटीत एकटी गेलेली कितीतरी बाळं डोळ्यांपुढे आली.

बापांची गोष्ट तर सांगायलाच हवी. आई तापाने फणफणलेली, म्हणून एकदा ऊसतोडीहून आलेल्या बापाला बसवलं. हातांना कोयत्याचे घट्टे. “मोडंल की ओ सिस्टर,” म्हणून तो मागे सरकत होता. त्याला अंघोळ करून यायला सांगितलं, शर्ट काढायला लावला आणि बाळ बांधून दिलं. तासाभराने काढायला गेले, तर म्हणाला, “राहू द्या की अजून, झोपलंय.” तोवर त्याने बाळाचं तोंडही नीट पाहिलं नव्हतं. त्या तासात त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं, त्याला मी सुख म्हणते. मुकादमाची उचल फिटलेली नव्हती, बायको आजारी होती, तरीही ते सुखच होतं.

माणूस मुळात आपमतलबी आहे, असं कुणी म्हटलं की मला हा माणूस आठवतो.

तुमच्या घरी असं लहानखुरं बाळ आलं, तर सिस्टरला पहिल्याच दिवशी विचारा, “कांगारूला कधी घेऊ?” आईला जमत नसेल तेव्हा बाप, आजी, मावशी कुणीही चालतं. अंग स्वच्छ असावं. ताप, खोकला, कातडीचा आजार नसावा. आणि एकदा बसलं की तासाच्या आत उठू नये, कारण सारखी काढ-घाल बाळाला सोसत नाही.