मॉर्मन पंथ व शास्त्राचें भाषांतर

भाषांतर म्हटलें कीं भाषांतरकारापुढें मूळ हिब्रू किंवा ग्रीक ग्रंथ असावयाचा, असें आपण गृहीत धरतों. मॉर्मन पंथाचे संस्थापक जोसेफ स्मिथ यांनीं १८३० ते १८३३ या काळांत पवित्र शास्त्राचें जें 'भाषांतर' केलें, त्या वेळीं त्यांच्यापुढें १६११ च्या इंग्रजी भाषांतराचीच एक प्रत होती. नकला करणाऱ्यांच्या व भाषांतरकारांच्या हातून बिघडलेलीं वचनें ईश्वरी प्रेरणेनें पूर्ववत् करावयाचीं, ही त्यांची भूमिका. तरीहि हेच गृहस्थ १८३६ सालीं विद्यार्थी होऊन हिब्रू शिकावयास बसले, हें मला विशेष वाटतें! १८४४ मध्यें ते मारले गेले. हस्तलिखित त्यांच्या पत्नी एमा यांच्यापाशीं राहिलें व १८६७ मध्यें एका वेगळ्या शाखेनें तें छापलें. सॉल्ट लेकच्या मंडळीनें मात्र इंग्रजींत १६११ चेंच भाषांतर ठेवलें आणि १९७९ च्या आवृत्तींत स्मिथ यांचे निवडक फेरफार तळटीपांत व पुरवणींत घातले.